स्थिर हाताची कुळकथा

मावळातल्या गावांत उत्सवाच्या दिवसांत कबड्डीचे सामने रंगतात. चढाईला गेलेल्या गड्याकडे जरा नीट बघा. नजर समोरच्या कोपरारक्षकावर, तोंडाने 'कबड्डी, कबड्डी' चालू आणि छातीतला दम सेकंदासेकंदाने संपत चाललेला. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागतो, श्वास घ्यावा अशी ओढ लागते आणि नेमक्या त्याच वेळी ठरवायचं असतं, की बोनस घ्यायचा, पायाने गडी टिपायचा की मध्यरेषेकडे झेप घ्यायची. दम संपत आला की आधी डोकं गडबडतं, पाय नंतर चुकतात. खेळाच्या मानसशास्त्राचा सगळा पसारा या एका गाठीभोवती आहे. शरीर थकत असताना आणि भीती वर येत असताना मन कामाला कसं लावायचं, एवढाच त्याचा प्रश्न.

या शास्त्राचा इतिहास लिहिणारे सहसा अमेरिकेतून निघतात. १८९८ मध्ये नॉर्मन ट्रिप्लेट यांनी दाखवलं, की सायकलस्वार एकट्यापेक्षा सोबतीने जास्त वेगात जातो. १९२५ मध्ये कोलमन ग्रिफिथ यांनी इलिनॉय विद्यापीठात खेळाडूंच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उघडली. १९६५ मध्ये रोमला फेरुच्चो अँटोनेल्ली यांच्या पुढाकाराने जागतिक परिषद भरली आणि विषयाला आंतरराष्ट्रीय संघटना मिळाली. भारतात हे सगळं १९६१ ला सुरू झालेल्या पतियाळाच्या क्रीडा संस्थेतून आणि पुढे क्रिकेट संघाबरोबर आलेल्या परदेशी मार्गदर्शकांकडून पोचलं, असं सांगितलं जातं. ही वंशावळ खरी आहे, पण अर्धीच. तिची दुसरी फांदी मावळ तालुक्यातून, मुंबई-पुणे रस्त्यावरच्या लोणावळ्यातून जाते, आणि तिचं मूळ तालमीच्या मातीत आहे.

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, गुजरातेतल्या डभोईचा. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेला हा हुशार मुलगा बडोद्याला शिकायला गेला आणि जुम्मादादांच्या व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली दाखल झाला. १९०७ ते १९१० ही तीन वर्षं त्याने तिथे लाठी, मल्लविद्या आणि देशी व्यायाम अंगात मुरवले. तो काळ टिळकांचा. शरीर कमावणं हे तेव्हा राष्ट्रकार्यच मानलं जाई. पुढे गुणे अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिकवू लागले. १९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसर इथे परमहंस माधवदासजी भेटले आणि योग त्यांच्या आयुष्यात आला. पुढे जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखू लागलं.

गुरूकडून जे मिळालं ते त्यांनी जसंच्या तसं मानून घेतलं नाही, आणि मला या माणसाचं सगळ्यात मोठं वेगळेपण तिथेच दिसतं. १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी काही विद्यार्थ्यांना उड्डियान आणि नौली करायला लावून क्ष-किरणांखाली पाहिलं. उड्डियानात श्वास पूर्ण सोडून पोट आत खेचलं की मध्यपटल वर चढतं. नौलीत पोटाचे उभे स्नायू मधोमध दोरखंडासारखे उभे राहतात. त्या वेळी आतड्यात काय होतं, हे कळावं म्हणून त्यांनी पाऱ्याचा दाबमापक जोडला. पाऱ्याने दाखवलं, की आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली उतरतो. बस्ती या यौगिक शुद्धिक्रियेत पाणी आपोआप वर का ओढलं जातं, याचं उत्तर त्या काचेच्या नळीत मिळालं. या निर्वात अवस्थेला त्यांनी गुरूंच्या नावावरून 'माधवदास व्हॅक्यूम' असं नाव दिलं. गुरूवरची भक्ती आणि पाऱ्याचा आकडा ही दोन्ही एकाच नावात अशी शेजारी आलेली मला दुसरीकडे क्वचितच दिसली.

१९२४ च्या विजयादशमीला लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू झालं. 'योगमीमांसा' हे त्याचं इंग्रजी नियतकालिक त्याच वर्षीचं. त्याच्या सुरुवातीच्या अंकांत सर्वांगासन आणि मत्स्यासनातल्या रक्तदाबाच्या नोंदी आहेत, क्ष-किरणांची छायाचित्रं आहेत, पुढच्या अंकांत प्राणायामातल्या वायूंचा हिशेब आहे. प्राणायामाने शरीराला भरमसाट प्राणवायू मिळतो हा लोकांचा लाडका समज कुवलयानंदांना मान्य नव्हता. त्यांच्या मते त्याचं मोल दाबांतल्या बदलांत आणि मज्जासंस्थेवरच्या परिणामांत होतं. आज शंभर वर्षांनंतरही शाळेशाळांतून 'खोल श्वास घ्या, ऑक्सिजन मिळेल' असंच सांगितलं जातं, हे ऐकलं की वाईट वाटतं. लोणावळ्यात हा समज केव्हाच तपासून झाला होता.

तालमीतून आलेला माणूस असल्याने त्यांनी हे ज्ञान आश्रमात ठेवलं नाही, मैदानावर नेलं. 'यौगिक संघ व्यायाम' हा त्यांचा खटाटोप त्यासाठीच होता. शेकडो मुलांनी एका हुकमावर आसनं करावीत, म्हणजे ती शाळेच्या तासात बसतील. मुंबई प्रांतात शारीरिक शिक्षणाच्या सरकारी समितीवर त्यांनी काम केलं, आणि १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षकांची प्रशिक्षण संस्था निघाली, त्यामागेही हीच हालचाल होती. तिकडे अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ देशी खेळ घडवत होतं. मंडळाच्याच पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी आणि देशी व्यायामप्रकार जगाला दाखवले. महाराष्ट्रात शरीराचं शिक्षण त्या दोन-तीन दशकांत असं अनेक बाजूंनी उभं राहिलं. मात्र शाळांनी कुवलयानंदांकडून कवायत उचलली आणि श्वास मागे ठेवला, असं माझं मत आहे. पीटीच्या सरांना शिट्टी मिळाली. मुलाचं मन घाबरलं तर काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नाही.

इथे कथा अटलांटिक ओलांडते, आणि या सगळ्या मागोव्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गाठ पडते.

१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर माइल्स नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचे प्रशिक्षक पॉप वॉर्नर. खुणेची हाक आल्यावर फळीतले खेळाडू किती चटकन झेपावतात, हे वॉर्नर यांना मोजून हवं होतं. हाक ठेक्यात द्यावी की ठेक्याविना, याचाही निकाल लावायचा होता. माइल्स यांनी बी. सी. ग्रेव्ह्ज या विद्यार्थ्याबरोबर एक यंत्र बनवलं. फळीतले सात खेळाडू ओणवे उभे राहत. झेप घेताच प्रत्येकाच्या धक्क्याने एक गोल्फचा चेंडू सुटे आणि फिरत्या ढोलावरच्या कागदावर आपटून खूण उमटवी. सात खुणा, सात माणसांच्या सेकंदाच्या अंशांतल्या वेळा. पाश्चात्त्य क्रीडा मानसशास्त्राच्या पायाभरणीतला हा एक गाजलेला प्रयोग.

हेच माइल्स पुढे येल विद्यापीठात गेले. तिथे त्रावणकोरहून आलेले के. टी. बेहनन हे मानसशास्त्राचे संशोधक होते. विद्यापीठाची शिष्यवृत्ती घेऊन १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ते थेट लोणावळ्यात आले, कुवलयानंदांचे शिष्य झाले, आसनं आणि प्राणायाम शिकले आणि येलला परतून स्वतःच प्रयोगाचा विषय बनले. फुटबॉलच्या फळीचा वेग मोजणाऱ्या शास्त्रज्ञाकडेच आता लोणावळ्याचा श्वास मोजायला आला. बेहनन यांचं 'योगा: अ सायंटिफिक इव्हॅल्युएशन' १९३७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात उज्जायीत प्राणवायूचा वापर सुमारे २४ टक्के, भस्त्रिकेत १८ आणि कपालभातीत १२ टक्के वाढल्याचे आकडे आहेत. म्हणजे श्वसनाचे हे प्रकार विश्रांती नाहीत, ते श्रम आहेत. माइल्स यांना ही सामग्री इतकी महत्त्वाची वाटली, की या तीन प्रकारांवरचा त्यांचा शोधनिबंध १९६४ मध्ये शरीरक्रियाशास्त्राच्या नियतकालिकात आला. त्या वेळी ते ऐंशीच्या घरात होते.

पण क्रीडा मानसशास्त्राच्या दृष्टीने बेहनन यांचा दुसरा निष्कर्ष अधिक बोलका आहे, आणि योगाचे प्रचारक तो सहसा सांगत नाहीत. प्राणायामाच्या आधी आणि नंतर त्यांनी बेरजांसारख्या मानसिक कामांच्या चाचण्या घेतल्या. प्राणायामानंतर लगेच काम वेगाने होण्याऐवजी मंदावलं. त्यांनी ते लपवलं नाही. शरीर-मनाला मिळणारी शिथिलता आणि भावनिक स्थैर्य हा लाभ त्यांनी मान्य केला, आणि त्याबरोबर तात्पुरती मंदीही नोंदवली.

या नोंदीचा अर्थ खेळाडूला लगेच कळेल. निवांत होणं वेगळं आणि खेळायला तयार होणं वेगळं. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून मांडलेलं तत्त्व पुढे खेळाच्या क्षेत्रात फार वापरलं गेलं. उत्तेजना फार कमी असली तरी काम बिघडतं, फार जास्त असली तरी बिघडतं आणि काम जितकं नाजूक तितकी कमी उत्तेजना चालते, असं ते तत्त्व. सलामी झडताच भिडणाऱ्या पैलवानाला आणि रायफल धरून उभ्या असलेल्या नेमबाजाला एकच शांतता देऊन चालत नाही. सामन्याआधी दहा मिनिटं सगळ्या संघाला डोळे मिटून बसवणाऱ्या प्रशिक्षकांनी बेहनन वाचायला हवेत. तुमच्या गड्याला पहिल्याच चढाईला अंगात विजेसारखी जाग हवी असेल, तर त्याला त्याआधी मंद करून ठेवू नका. तोच प्राणायाम आदल्या रात्री, झोपेआधी करा.

लोणावळ्याचं नाव त्या काळी अमेरिकेच्या शारीरिक शिक्षणाच्या वर्तुळात पोचलं होतं. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या जोसेफिन रॅथबोन १९३० च्या दशकाच्या अखेरीस इथे येऊन गेल्या. शिथिलीकरण हा पुढे त्यांच्या कामाचा मुख्य विषय झाला, आणि १९५४ मध्ये अमेरिकेत क्रीडावैद्यकाची जी संस्था स्थापन झाली तिच्या संस्थापकांत त्या होत्या. त्यांच्या विचारांत लोणावळ्याचा वाटा नेमका किती, ते मोजून सांगता येणार नाही. कारण स्नायू शिथिल करण्याची एडमंड जेकबसन यांची पद्धत १९२९ पासून अमेरिकेत माहीत होतीच. पण दोन प्रवाह इथे एकमेकांच्या जवळून वाहिले एवढं नक्की.

१९५७ मध्ये कॅलिफोर्नियाचे मॅरियन वेंगर आणि मिशिगनचे बसू बागची मेंदूच्या व हृदयाच्या लहरी नोंदवणारी यंत्रं घेऊन भारतभर फिरले. लोणावळा त्यांच्या मुक्कामांपैकी एक. हृदय थांबवतो म्हणणाऱ्यांची त्यांनी तपासणी केली. श्वास कोंडून छातीचे स्नायू आवळले की हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, नाडी हाताला लागत नाही, ठोके ऐकू येत नाहीत, पण हृदयाचा विद्युत आलेख मात्र चालूच राहतो, असं त्यांना आढळलं. हृदय थांबत नव्हतं. मात्र श्वास आणि स्नायू यांच्या वाटेने नाडीवर परिणाम घडवता येतो, हे त्यातून पक्कं झालं. खेळाडूच्या कामाची गोष्ट हीच आहे. हृदयाला थेट हुकूम देता येत नाही, श्वासामार्फत निरोप पाठवता येतो.

कुवलयानंद १८ एप्रिल १९६६ ला गेले. त्यांच्यामागे लोणावळ्यातलं काम मनाच्या चाचण्यांकडे अधिक वळलं. कोचर आणि प्रताप यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला योगाभ्यासाचा चिंतेवर आणि मानसिक अस्वस्थतेवर काय परिणाम होतो, हे तपासलं. करंबेळकर, विनेकर आणि भोळे यांनी हवाबंद खड्ड्यात माणसं बसवून आतल्या प्राणवायूचं आणि कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण मोजलं. तो निबंध १९६८ चा. समाधीच्या कथांची शहानिशा करणं हा त्यामागचा उद्देश, पण साठत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला माणूस कसा तोंड देतो हा प्रश्न कबड्डीच्या चढाईपासून फार दूर नाही. मनोहर घरोटे यांनी योगाभ्यासाने शारीरिक क्षमतेच्या चाचण्यांत काय फरक पडतो, ते पाहिलं. १९९६ मध्ये त्यांनी लोणावळ्यातच स्वतंत्र योगसंस्था काढली.

या सगळ्यांत माझ्या मनात घर करून राहिलेला निबंध मात्र छोटासा आहे. विजयेंद्र प्रताप यांनी १९६८ मध्ये 'योगमीमांसे'त योगाभ्यासाच्या आधीची आणि नंतरची हाताची स्थिरता यावर लिहिलं. अशी स्थिरता मोजण्याचं एक साधं उपकरण मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांत असतं. धातूची एक पट्टी, तिच्यात मोठ्यापासून बारीक होत जाणारी भोकं, आणि हातात धातूची सळई. सळईचं टोक भोकात धरायचं, कडेला लागू द्यायचं नाही. लागलं की विद्युत मंडल पूर्ण होतं आणि मोजणीयंत्रात एक आकडा चढतो. पहिली भोकं कुणालाही जमतात. पुढची बारीक झाली की हाताचा कंप दिसू लागतो, मग तो दिसतो म्हणून माणूस ताणतो आणि ताणल्याने कंप वाढतो. खेळातल्या दडपणाचं याहून स्वच्छ दर्शन मी कुठे पाहिलेलं नाही. घड्याळ, प्रेक्षक, निकाल यांतलं काहीही नसतं, तरी मन आणि हात एकमेकांना बिघडवत जातात.

तीस-पस्तीस वर्षांनी हाच हात नेमबाजीच्या रेंजवर दिसतो. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे नाडीचा ठोकाही नळीला हलवतो. अमेरिकेत डॅनियल लँडर्स आणि ब्रॅड हॅटफील्ड यांनी १९८० च्या दशकात कसलेल्या नेमबाजांच्या मेंदूच्या लहरी आणि हृदयाची गती पाहिली. घोडा दाबण्याआधीच्या काही सेकंदांत डाव्या मेंदूतली धावपळ ओसरते आणि हृदय मंदावतं, अशी चिन्हं त्यांना मिळाली. म्हणजे त्या क्षणी स्वतःशी चाललेलं बोलणं थांबलेलं असतं. हे घडवून आणायचं कसं, याचं उत्तर महाराष्ट्रात एका पोलीस अधिकाऱ्याने दिलं.

भीष्मराज बाम हे भारतीय पोलीस सेवेतले, स्वतः नेमबाज, निवृत्तीनंतर नाशिककर. पातंजल योगसूत्रांचा त्यांचा अभ्यास होता आणि खेळाडूंशी बोलताना तोच त्यांचा आधार होता. धारणा म्हणजे नक्की काय, श्वासावर लक्ष ठेवल्याने पुढचा गुण मागच्या चुकीपासून कसा सुटा होतो, पराभवाची भीती येणारच हे मान्य करून खेळायचं कसं, हे ते सोप्या मराठीत सांगत. अंजली भागवत, गीत सेठी, राहुल द्रविड अशा खेळाडूंनी त्यांचं मार्गदर्शन घेतलं. २००२ मध्ये म्युनिकला अंजली भागवत 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स' ठरल्या. बामांचं 'मार्ग यशाचा' मराठीत आणि 'विनिंग हॅबिट्स' इंग्रजीत आहे. मे २०१७ मध्ये ते गेले. लोणावळा हे त्यांचं शिक्षणपीठ होतं असा माझा दावा नाही. पण योगाला देव्हाऱ्यातून काढून खेळाडूच्या रोजच्या सरावात बसवण्याची जी वाट १९२४ मध्ये पडली, तिच्यावरच ते चालले. फरक इतकाच, की कुवलयानंदांनी यंत्रं लावून मोजलं आणि बामांनी माणसामाणसाला समोर बसवून तपासलं. मला दोन्हींची सारखीच गरज वाटते, आणि मोजण्याकडे आपण फार दुर्लक्ष केलं याची खंतही वाटते.

मावळात आज मैदानांची वाण नाही. २०१२ मध्ये गहुंज्याला आंतरराष्ट्रीय क्रिकेट स्टेडियम उभं राहिलं, गावोगावच्या तालमी अजून आहेत, जत्रेतल्या इनामी कुस्त्या चालतात. पुण्यात लष्कराच्या क्रीडा संस्थेत खेळाडूच्या मनाची तयारी हा प्रशिक्षणाचा नेहमीचा भाग आहे. पण वडगाव मावळच्या पलीकडच्या एखाद्या शाळेतली मुलगी जिल्हा स्पर्धेत पहिल्यांदा उभी राहते, तेव्हा तिच्या वाट्याला अजूनही 'घाबरू नको' हे दोन शब्दच येतात. भीती घालवायला ते पुरत नाहीत.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने योगासनांना स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता दिली. आता आसनांना गुण मिळतात, पंच बसतात, वेळ लावली जाते, पदकं असतात. आसन स्थिर आणि सुखाचं असावं असं पतंजलींनी सांगितलं, पण पंचांसमोर वृश्चिकासन धरून उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या मुलाच्या हाताला स्पर्धेची धडधड लागतेच. म्हणजे ज्या अभ्यासाने चिंता उतरते का, हे लोणावळ्यात पन्नास वर्षांपूर्वी तपासलं गेलं, तोच अभ्यास आता स्वतः चिंता निर्माण करणारा खेळ झाला आहे. या मुलांसाठी तेच प्रयोग पुन्हा करायला हवेत. स्पर्धेच्या आदल्या दिवशी, स्पर्धेच्या सकाळी आणि गुण जाहीर झाल्यावर, तीन वेळा तीच भोकांची पट्टी आणि तीच सळई मुलांच्या हातात द्यायची आणि आकडे लिहून ठेवायचे. कैवल्यधामात शंभर वर्षांची नोंदींची परंपरा आहे, मावळात शाळा आहेत आणि योगासनांचे स्पर्धक आता राज्यभर आहेत. खर्च फारसा नाही. लोणावळ्याहून एखाद्या शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्याने हे काम पीएचडीला घ्यावं, इतकं ते जवळ आहे.